फाटकावरून परत गेलेली माणसं

गेल्या वर्षी लेंटच्या तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवारी संध्याकाळी, माझ्या घरी प्रार्थनेला आलेल्या वीस-बावीस माणसांना मी सोसायटीच्या फाटकावरून परत पाठवलं. त्यांना मी ओळखत नाही असं दाखवलं. "पत्ता चुकलाय यांचा," असं मी आमच्या सेक्रेटरींना सांगितलं, आणि माझी आई वर गॅलरीत उभी राहून ते ऐकत होती.

हे वाक्य एकदाचं लिहून झालं. नंतर कित्येक दिवस मी ते मनातल्या मनात बदलून पाहत होतो. गैरसमज झाला. वेळ अडचणीची होती. दिवसच तसे आहेत. त्यातलं काही खरं नाही असं नाही, पण त्यातल्या कशानेही माझ्या तोंडून ते शब्द काढून घेतले नव्हते. ते मी स्वतः बोललो, पूर्ण शुद्धीत.

मी लातूरला एका कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवतो. मूळचे आम्ही नांदेडचे. वडील रेल्वेत गँगमन होते, ते जाऊन सहा वर्षं झाली. आई, जिला आम्ही सगळे मायच म्हणतो, अजून नांदेडलाच राहते, स्टेशनच्या मागच्या बाजूला दोन खोल्यांत. माझ्या वडिलांच्या आज्यापासून आम्ही ख्रिस्ती आहोत. आमच्या आडनावावरून ते कळत नाही. आमच्याकडे आडनाव आणि जातीचे कागद एका बाजूला आणि रविवारची उपासना दुसऱ्या बाजूला ठेवून जगायची सवय पिढ्यांपासून आहे. त्याची कारणं आहेत आणि ती खोटी नाहीत. पण सवय कशी असते, कारण संपलं तरी ती उरते. माझ्याबाबतीत तर ती वाढतच गेली.

लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, त्या दिवसांत रोज संध्याकाळी एकेकाच्या घरी प्रार्थना असते. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, आधीच्या रविवारी यादी वाचून दाखवतात, सोमवारी अमक्याकडे, मंगळवारी तमक्याकडे. ज्याच्या घरी प्रार्थना तो सतरंज्या अंथरतो, चहा ठेवतो. ढोलक वाजतं, गायनं होतात, बायबलमधलं वचन वाचलं जातं, कोणी रडतं, कोणी आपल्या सुनेची तक्रार प्रार्थनेच्या रूपाने देवाला आणि सगळ्यांना एकदमच सांगून टाकतं. लहानपणी नांदेडला मी या सगळ्यात वाढलो.

आमच्या घरात लेंटचा आणखी एक नियम होता, तो फक्त मायचा होता. त्या चाळीस दिवसांत रात्री जेवायला बसलं की ती भाकरी हातात धरून विचारायची, "कोणाचं लेकरू रे तू?" आम्ही म्हणायचं, "देवाचं." तेवढं म्हटल्याशिवाय भाकरी ताटात पडायची नाही. वडिलांनाही ती विचारायची. दिवसभर रुळावर राबून आलेला तो माणूस मान खाली घालून म्हणायचा, "देवाचं गं बाई, वाढ आता." एकदा शाळेत मार खाऊन आलो होतो, सगळ्या जगावर चिडलो होतो. मी म्हटलं, "कोणाचंच न्हाई." मायनं भाकरी टोपल्यात परत ठेवली आणि भांडी घासायला बसली. शेवटी मीच तिच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि म्हटलं. त्या रात्रीची भाकरी गार झाली होती.

लातूरला मी फ्लॅट घेतला तेव्हा शेजाऱ्यांना सांगितलं की आम्ही नांदेडचे. बस. कोणी पुढं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दर रविवारी सकाळी बायकोला आणि मुलीला घेऊन गाडीवर निघायचो, तेव्हा कोणी विचारलं तर "जरा पाहुण्यांकडे" म्हणायचो. वचनाची फ्रेम, जी आमच्या प्रत्येक घरात समोरच्या भिंतीवर असते, ती मी आतल्या कपाटात कपड्यांच्या मागे ठेवली होती. बायको एकदा म्हणाली, "एवढं कशाला?" मी म्हटलं, "हल्लीचे दिवस बघतेस ना." तिने परत विषय काढला नाही. ती गप्प बसायची तेव्हा मला पटवून दिल्याचा आनंद व्हायचा. आज त्या आनंदाचीही लाज वाटते.

कॉलेजात तर मी कमालच केली होती. लेंटमध्ये मी दर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत काही खात नाही. स्टाफरूममध्ये डबे उघडले की कोणीतरी विचारायचं, "सर, आज कशाचा उपवास?"

"आहे एक," मी म्हणायचो.

"खिचडी तरी घ्या. साबुदाणा चालतो की."

"नाही, कडक आहे."

"सर लई कडक माणूस हाव तुम्ही," आमचे रसायनशास्त्राचे सर म्हणायचे, "आमच्या घरच्यांला सांगतो मी, उपवास शिकायचा तर आमच्या गणिताच्या सरांकडून. आमची बायको उपवासाला दोन किलो वजन वाढवून घेती."

सगळे हसायचे, मीही हसायचो. देवासाठी उपाशी राहायचं, आणि कोणता देव ते सांगायचं नाही. असा उपवास मी बारा वर्षं केला, आणि मनात कुठेतरी त्याची शाबासकीही घेत राहिलो.

गेल्या वर्षी लेंट सुरू झाली आणि माय लातूरला राहायला आली. तिच्या गुडघ्यांचं दुखणं वाढलं होतं, इथल्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. पहिल्याच रात्री तिने भाकरी हातात धरून माझ्या मुलीला विचारलं. मुलगी हसत सुटली, पण म्हणाली. मग बायकोने म्हटलं, मग मी. पन्नाशीला आलेला माणूस ताट पुढे करून "देवाचं" म्हणतो. मला बरं वाटलं होतं त्या रात्री. हे सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यानंतर घडलं.

दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "तुझ्या घरी आजपोत एकदा तरी प्रार्थना झाली का रे?"

"जागा कमी आहे माय."

"आमच्या नांदेडच्या खोलीत चाळीस माणसं बसत्यात. हे हॉल तर केवढं हाय."

"बोर्डाचे पेपर तपासायला आलेत. एवढ्यात नको. बघू."

"बघू बघू करत तुझा बाप गेला," ती म्हणाली. "त्याची लई इच्छा होती. पोराच्या घरी एकदा बसायचं, गायन म्हणायचं, मंग म्हणायचा मी मोकळा झालो."

मी पेपरांचा गठ्ठा ओढून घेतला. मला वाटलं विषय संपला. रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेब यादी वाचायला लागले आणि शुक्रवारच्या नावाला त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मायने परस्परच नाव दिलं होतं. सगळी मंडळी वळून बघायला लागली. इतक्या वर्षांत माझ्या घरी कोणी आलं नव्हतं. एका म्हातारीनं तर तिथंच म्हटलं, "अगं बाई, सरांचं घर बघायला भेटणार."

घरी आल्यावर बोललो, आणि नको तेवढं बोललो. मला न विचारता कसं काय दिलंस, इथं कसे लोक राहतात तुला माहीत आहे का, घरात प्रार्थना म्हटलं की लोक मोबाईल काढून शूटिंग करतात, उद्या कोणी धर्मांतराची तक्रार केली तर माझ्या नोकरीचं काय. माय ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मंग 'येऊ नका' म्हणून सांगू का त्यायला?"

तेव्हा "हो" म्हणालो असतो तर निदान सरळ झालं असतं. पण मला आईला नकार देणारा मुलगाही व्हायचं नव्हतं. मी म्हणालो, "आता दिलंसच तर होऊ दे. फक्त ढोलक नको."

माझा स्वभाव असा आहे. नाही म्हणायचं नाही आणि हो सुद्धा नीट म्हणायचं नाही.

शुक्रवारी माय सकाळपासून कामाला लागली. दुखऱ्या गुडघ्यांनी तिने हॉल पुसला. बायकोने शेजारच्या गल्लीतल्या मंडपवाल्याकडून दोन सतरंज्या आणल्या. मी कॉलेजातून आलो तेव्हा वचनाची फ्रेम हॉलमध्ये लागली होती, कॅलेंडरच्या खिळ्यावर. कॅलेंडर खाली टेबलावर गुंडाळून ठेवलेलं. माय पांढरी साडी नेसली होती, काठ निळा. मोठ्या पातेल्यात चहाचं पाणी मोजून ठेवलं होतं. ती म्हणाली, "खाली जाऊन उभा ऱ्हा. त्यायला घर सापडायचं न्हाई."

मी खाली गेलो. मार्च संपत आला होता, ऊन उतरलं तरी फरशी तापलेली होती. फाटकाजवळ प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून दोघं बसले होते. एक सोसायटीचे सेक्रेटरी, आणि दुसरे माझ्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त तलाठी. तलाठी बौद्ध आहेत. त्यांच्या हॉलमध्ये बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे, दार उघडं असलं की जिन्यातून दिसतो, आणि दार बहुतेक उघडंच असतं. दोघांचं टँकरवरून चाललं होतं. टँकर आला नव्हता, आणि सेक्रेटरी टँकरवाल्याला फोनवर फोन लावत होते.

"बसा सर," सेक्रेटरी म्हणाले. "तुमच्याकडं पाणी हाय का?"

"आहे थोडं," मी म्हटलं, आणि तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर आमची माणसं दिसली.

पुढे पाळकसाहेब, हातात वचनाचं पुस्तक. मागे बायका, डोक्यावरून पदर, हातात गीतांची पुस्तकं. आणि एकाच्या खांद्यावर, कापडी पिशवीत घातलेलं पण कोणालाही कळेल असं ढोलक. ती सगळी खुशीत होती. कोणाच्या तरी नव्या घरी जाताना माणसं असतात तशी. ती थेट फाटकाशी आली.

सेक्रेटरी उठून उभे राहिले. "कोण पाहिजे?" त्यांनी विचारलं. पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं, हात वर केला. आमच्यात भेटल्यावर सलाम म्हणतात. तो शब्द त्यांच्या ओठावर आलेला मला दिसला. आणि सेक्रेटरींनी माझ्याकडे वळून विचारलं, "सर, तुमच्या वळखीचे हायत का?"

मी म्हणालो, "नाही. पत्ता चुकलाय यांचा."

पाळकसाहेबांचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो हळूच खाली घेतला. मला वाटलं होतं ते काही बोलतील. ते बोलले असते तर मी काय केलं असतं याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ते सेक्रेटरींना एवढंच म्हणाले, "हो, चुकलं असंल आमचंच. त्रास दिला तुम्हाला." आणि मागे वळून सगळ्यांना म्हणाले, "चला." मागच्या बायकांना ऐकू गेलं नव्हतं. एक जण विचारत होती, "काय झालं? हेच तर घर म्हणले ना?" तिला दुसरीने दंडाला धरून फिरवलं. ढोलकवाला सगळ्यात शेवटी गेला. घर बघायला मिळणार म्हणून खूश झालेली ती म्हातारी दोनदा मागे वळून बघत गेली.

तलाठी खुर्चीत बसून माझ्याकडे बघत होते. मी वर पाहिलं तर गॅलरीत पांढरी साडी होती.

वर गेलो. मी तोंड उघडायच्या आत माय म्हणाली, "गेले का?"

"माय, खाली सेक्रेटरी बसले होते, अगदी तोंडावर..."

"चहाचं पाणी उतरव गं," ती माझ्या बायकोला म्हणाली. स्वतः उठून तिने फ्रेम काढली, पदराने पुसली आणि कॅलेंडर परत लावलं. रात्री जेवायला बसलो. तिने मुलीला विचारलं, सुनेला विचारलं. माझ्या ताटात तिने न विचारताच भाकरी वाढली.

मी ती खाल्ली. दुसरं काय करणार होतो.

सकाळी तिने पिशवी भरली. डॉक्टरांची तारीख पुढच्या सोमवारची होती. मी म्हटलं, थांब. ती म्हणाली, "खाली कुणी इचारलं की ही बाई कोण, तर तू काय सांगशील ते मला म्हाईत न्हाई. मंग कशाला ऱ्हाऊ?" मी तिला नांदेडच्या बसमध्ये बसवून दिलं. बस हलेपर्यंत ती समोर बघत होती.

पुढचे दोन आठवडे मी स्वतःवर इतका वैतागलो होतो की तो वैताग दुसऱ्यांवर निघायचा. मुलीवर ओरडलो, वर्गात एका पोरीला फळ्यापाशी रडवलं. रोज रात्री मायला फोन करायचो. गुडघ्यांचं विचारायचो, ती सांगायची. मी पुढं काही बोलायला जायचो तर वाक्य आपोआप वाकडं व्हायचं. एकदा म्हणालो, "माय, त्या दिवशी तुला वाईट वाटलं असेल तर..."

"असंल तर म्हंजे?" ती म्हणाली. "वाटलं का न्हाई ते तुला म्हाईत न्हाई?"

मी फोन ठेवल्यावर उशी भिंतीवर फेकली. राग तिचा नव्हता.

उपासनेला गेलो तर पाळकसाहेब नेहमीसारखे सलाम म्हणाले आणि मला प्रार्थना करायला सांगितली. मी उभा राहिलो आणि छान प्रार्थना केली. आम्ही अपराधी आहोत, आम्ही वाट चुकलेली लेकरं आहोत, आम्हाला पदरात घे. लोकांनी आमेन म्हटलं. खाली बसल्यावर मला स्वतःची किळस आली. सगळ्यांच्या अपराधात माझा अपराध मिसळून टाकायला मी किती पटाईत झालो होतो. ती म्हातारी माझ्या समोरच्याच बाकावर बसली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

त्याच आठवड्यात एके दिवशी पाण्याची कॅन घेऊन जिना चढत होतो तर तलाठी दारातच उभे होते. "सर, जरा बसा की," म्हणाले. मी बसलो नाही, कॅन खाली ठेवून उभा राहिलो.

"आई गेल्या वाटतं."

"हो. नांदेडला."

"त्या दिवशी ते लोकं तुमच्याकडंच आले होते ना?"

मी वाकून कॅनचं झाकण घट्ट करायला लागलो.

"आम्हाला म्हाईत हाय सर, तुम्ही कोण हाव ते. आल्यापासून म्हाईत हाय. दिवाळीत तुमच्या घरून तळणाचा वास येत न्हाई आन डिसेंबरात करंज्याचा येतो. आमच्या घरातून म्हणली, हे किरिस्तावाचं घर दिसतंय, एखादी करंजी पाठवत्याल. बारा वर्षं झाली, वाटच बघून राहिली ती."

ते हसले. मला हसू आलं नाही. ते म्हणाले, "माझ्या बापानं गावात बाबासाहेबांचा फोटो लावला तेव्हा आमच्या घरावर दगडं आली होती. बापानं फोटो काढला न्हाई. बाप भित होता बरं का. रातभर भित होता. पर काढला न्हाई."

मी कॅन उचलली आणि वर आलो. हॉलमध्ये बसलो आणि तो नाताळच्या करंज्यांचा वास आठवत राहिलो. तळताना मी खिडक्या बंद करायला लावायचो. बायको त्या धुरात घामाघूम होऊन, डोळे चोळत तळायची. मी माझ्या आईला ज्याच्यासाठी पणाला लावलं ते गुपित खालच्या मजल्यावर बारा वर्षांपूर्वीच कळलेलं होतं. पण खरं सांगायचं तर त्याने काही बदलत नव्हतं. गुपित कोणालाच कळलं नसतं, तरी गॅलरीत उभी असलेली ती बाई मी नाकारलीच होती.

त्याच संध्याकाळी पाळकसाहेबांकडे गेलो. दारातच त्यांना जे सांगायचं ते सांगितलं. त्यांनी आत बोलावलं, पाणी दिलं. म्हणाले, "माझं काही न्हाई सर. मी चाललो होतो, परत फिरलो. लेंटमध्ये थोडं चालणं झालं." मग म्हणाले, "आईंकडं गेलात का?"

"अजून नाही. आधी प्रार्थना ठेवायची आहे. माझ्या घरी. दिवस आहे का?"

यादीत शेवटच्या आठवड्यातला एक बुधवार मोकळा होता. त्यांनी माझं नाव लिहिलं. "ढोलक?" त्यांनी विचारलं.

"आणा," मी म्हणालो.

मग सेक्रेटरी. मी त्यांच्या दाराची बेल वाजवली. मी म्हणालो, "त्या शुक्रवारी मी तुमच्याशी खोटं बोललो. ते लोक माझ्याच घरी येणार होते. आम्ही ख्रिस्ती आहोत. ते बुधवारी परत येणार आहेत."

त्यांनी विचारलं, "कार्यक्रम काय असतो?"

"प्रार्थना. गाणी. चहा."

"बघा सर, तक्रार आली तर माझ्याकडं येऊ नका," ते म्हणाले. त्यांचा चेहरा काही फार मोकळा नव्हता. दार लावता लावता परत उघडून म्हणाले, "चपला जिन्यात नका काढायला लावू. आन गाड्या टँकरच्या वाटेवर नको."

हाच तो दिवस, ज्याला मी बारा वर्षं घाबरत होतो.

शनिवारी कॉलेज सुटल्यावर मी नांदेडची बस धरली. पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मायने दार उघडलं, "आलास" म्हणाली आणि चुलीकडे वळली. मी पाय धुतले. बुधवारचं सांगायचं, सेक्रेटरींचं सांगायचं, असं बसमध्ये जुळवत आलो होतो. पण जमिनीवर ताटापुढे बसल्यावर माझ्या लक्षात आलं की ते सगळं म्हणजे मी केलेल्या कामांची यादी होईल, पेपर सोडवून गुण मागितल्यासारखी. तिने ज्वारीची गरम भाकरी हातात घेतली आणि काही न विचारता माझ्या ताटाकडे हात वळवला.

"थांब माय," मी म्हणालो. "वाढू नको अजून."

तिचा हात थांबला.

"त्या दिवशी तू वर उभी होतीस आणि मी खाली म्हणालो की मी यांना ओळखत नाही. ती माणसं माझी होती. तू माझी आहेस. बाबाही माझेच होते, त्यांची एवढीशी इच्छा मी बघू बघू म्हणत घालवली. मला कोणी जबरदस्ती केली नव्हती. मी भ्यालो, आणि खोटं बोललो, आणि तुला खाली मान घालायला लावली. असेल तर, नसेल तर, असलं काही नाही. मी चुकलो माय. मला माफ कर."

मायनं भाकरी हातातच धरून विचारलं, "कोणाचं लेकरू रे तू?"